मनगटावरची गाठ: होमिओपॅथी, सुई की ऑपरेशन?

मनगटावर हरभऱ्याएवढी गाठ आली की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते ऑर्थोला दाखव, दुसरी म्हणते होमिओपॅथी सुरू कर, साइड इफेक्ट तरी नाहीत. बहिणीच्या वेळी आमच्याकडे हेच झालं, म्हणून जे कळलं ते लिहिते.

ही गाठ बहुतेक वेळा गँगलिऑन असते. म्हणजे सांध्याच्या किंवा टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणातून बाहेर आलेला फुगा, आत जेलीसारखं चिकट पाणी. कॅन्सर नाही आणि त्याचा कॅन्सर होतही नाही. २० ते ४० वयात जास्त दिसते, त्यातही बायकांना. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साधारण निम्म्या गाठी काहीही न करता आपोआप जातात, फक्त काही महिने, कधी एकदोन वर्षंही लागतात.

आता होमिओपॅथी. रुटा, बेंझोइक ॲसिड, सिलिशिया, कल्केरिया फ्लोर ही नावं ऐकायला मिळतील. ३० पोटेन्सी म्हणजे १ला १०० या प्रमाणात ३० वेळा पातळ केलेलं औषध, १२व्या वेळेपर्यंतच मूळ पदार्थाचा एखादा कण उरला तर उरला. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संस्थेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचे आढावे तपासले, होमिओपॅथी नक्की लागू पडते असा एकही आजार सापडला नाही. मग लोकांची गाठ गोळ्यांनी गेली ती कशी? ती जाणारच होती, त्या काळात गोळ्या चालू होत्या. बहिणीची १४ महिन्यांत गेली, तिने काहीच घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर आम्हीही त्या गोळ्यांचंच नाव सांगितलं असतं.

सुईने पाणी काढणं ओपीडीत दहा मिनिटांत होतं, लगेच सपाट दिसतं, पण मूळ तिथेच राहतं म्हणून निम्म्याहून जास्त वेळा परत भरते. ऑपरेशनमध्ये मुळासकट काढतात, परत येण्याचं प्रमाण बरंच कमी पण शून्य नाही, वर व्रण राहतो आणि काही आठवडे मनगट आखडू शकतं.

माझं मत सरळ आहे, दुखत नसेल तर थांबा, दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल तर सर्जनला भेटा. गोळ्या घ्यायच्याच असतील तर आधी ती गँगलिऑनच आहे हे डॉक्टरकडून पक्कं करून घ्या, ते टॉर्च मारून किंवा सोनोग्राफी करून सांगतात. गाठ पटकन वाढतेय, लाल झालीय, गरम लागतेय तर महिनोन्महिने गोळ्यांवर काढूच नका. आणि जाड पुस्तक आपटून फोडायचा जुना उपाय कोणी सुचवला तर प्लीज नको, हाडाला लागतं. तळहाताच्या बाजूची, अंगठ्याखालची असेल तर दाबूबिबू नका अजिबात, नाडी बघतो ती रक्तवाहिनी तिथेच शेजारी असते, सुईसुद्धा डॉक्टर तिथे जपूनच घालतात.