सुगंधी मेणबत्ती द्यावी की अत्तराची कुपी?

दिवाळी, वास्तुशांत, नाहीतर मावशीची साठी. हजारेक रुपयांत काहीतरी सुवासिक द्यायचं ठरलं की हल्ली दोन गोष्टींवर गाडी अडते: काचेच्या ग्लासातली सोया मेणाची मेणबत्ती किंवा अत्तराची छोटी कुपी. मी दोन्ही दिल्या आहेत आणि दोन्ही स्वतःच्या घरीही वापरून पाहिल्या आहेत.

दिसायला मेणबत्ती वरचढ, यात वाद नाही. खोका उघडताच समोरच्याचा चेहरा खुलतो. देणाऱ्यालाही फार विचार करावा लागत नाही, कारण लॅव्हेंडर किंवा व्हॅनिला सहसा कुणाला नकोसं होत नाही. अत्तर अंगाला लावायचं, म्हणून माणूस ओळखून द्यावं लागतं. हिना कुणाला उग्र वाटते, केवड्यानं कुणाचं डोकं चढतं.

तरी माझं मत फिरलं ते पंख्यामुळे.

ताईच्या वास्तुशांतीला मी चांगली मोठी मेणबत्ती दिली होती. ऑक्टोबरचा महिना, ठाण्याचा उकाडा, दिवाणखान्यात पंखा पाचवर. ज्योत सारखी एका अंगाला झुकायची आणि ग्लासाच्या त्या कडेला काजळी धरायची. ही मेणबत्ती पहिल्यांदा लावली की मेण चहूकडून कडेपर्यंत वितळेस्तोवर जळू द्यावी लागते. नाहीतर पुढच्या खेपेलाही तेवढाच गोल वितळतो आणि वात मधोमध खड्डा करत खाली जाते. रुंद ग्लासाला यात दोन-तीन तास सहज जातात. आपल्याकडे एवढा वेळ पंखा बंद करून बसणार कोण? ताईनं चारेकदा लावली, मग ती शोकेसमध्ये गेली. परवा काढून पाहिली तर मधे विहीर, भोवती बोटभर जाडीचा पांढरा कठडा. हुंगून पाहिली, वास अजून सुरेख होता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी घरी वात पाव इंच कापून प्रयत्न केला. काजळी कमी झाली, खड्डा काही टळला नाही.

त्याच सुमारास आत्याला अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या वाळ्याच्या अत्तराची, म्हणजे खसाची, 6 मिलीची कुपी दिली. तिनं झाकणाची काचेची कांडी मनगटाला टेकवली, दुसऱ्या मनगटावर हलकेच दाबली आणि हात नाकाशी नेऊन म्हणाली, "अरे, हा तर माठ!" माठात वाळ्याची जुडी सोडल्यावर पहिल्या घोटाला येतो, अगदी तोच वास. संध्याकाळी ती भाजी निवडत होती तेव्हाही तो तिच्या हाताला होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं अत्तरदाणीत तेच घातलं आणि आलेल्या प्रत्येकीच्या हातावर लावलं. दीड वर्ष होत आलं, कुपी अजून निम्मी आहे.

घेताना मात्र थोडी चौकशी करा. कनौजला तांब्याच्या देगीत फुलं किंवा मुळं पाण्यात उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते आणि तिथल्या तेलात मुरते. या तळाच्या तेलाला अत्तरवाले जमीन म्हणतात. पूर्वी ती चंदनाची असे. चंदन महागल्यावर बरेच जण लिक्विड पॅराफिन वापरू लागले. म्हणून जमीन कशाची आहे, हे सरळ विचारावं. चांगला दुकानदार सांगतो. आणि कुपी हुंगून ठरवू नका. मनगटाच्या मागं एक थेंब घ्या, बाजारात अर्धा तास हिंडून या आणि मग ठरवा.

अत्तराची खोड एकच, ते तेल आहे. रेशमी साडीवर डाग पडतो, कुरिअरमध्ये झाकण सैल राहिलं तर सगळं पाकीट तेलकट होतं.

अर्थात ज्यांच्याकडे एसीची खोली आहे आणि पंख्याचं काम पडत नाही, त्यांना मेणबत्ती नक्की आवडेल. कॅनडातल्या पुतण्याला मी स्वतः मेणबत्तीच सुचवली. तिथं थंडीत महिनोन्महिने खिडक्या मिटलेल्या असतात, ज्योतही सरळ उभी राहते आणि घरभर वास टिकतो. पण मुंबई-पुण्यात, नागपुरात, फिरत्या पंख्याखालच्या घरात द्यायचं असेल, तर माझं मन कुपीकडे झुकतं.

यंदा भाऊबीजेला ताईसाठी मिट्टीचं अत्तर आणून ठेवलं आहे. भाजलेल्या मातीपासून काढतात ते, पहिल्या पावसाचा वास येतो त्याला. 3 मिलीच आहे, पण तिला रोज लावता येईल.