डॉप्रोजेक्ट: स्टुडिओ वनमधून क्यूबेसमध्ये

नाशिक ढोलाचं रेकॉर्डिंग पंचवटीत स्टुडिओ वन या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर आणि मिक्स मुंबईला क्यूबेस या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर, असं काम असेल तर प्रोजेक्ट इकडून तिकडे न्यायला डॉप्रोजेक्ट (DAWproject) हा फाइल फॉरमॅट बिनधास्त वापरा. बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी 2023 मध्ये आणलेल्या या एकाच फाइलमध्ये क्लिप, मिडी (सुरांच्या नोंदी), फेडर (आवाजाची पातळी), पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे), ऑटोमेशन (यांचे आपोआप होणारे बदल), प्लगइनची म्हणजे इफेक्ट किंवा वाद्याच्या जोड-सॉफ्टवेअरची सेटिंगसुद्धा जाते. फार मोठी सोय आहे ही! मात्र तोच प्लगइन समोरच्या मशीनवर हवा; नसेल तर तो ट्रॅक आधी रेंडर करा, म्हणजे प्लगइनसकट ऑडिओ बनवून घ्या. क्यूबेसही 14 किंवा पुढचं लागतं.

प्रो टूल्स या आणखी एका सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्याला डॉप्रोजेक्टऐवजी सरळ वेव्ह (साध्या ऑडिओ) फाइल द्या: 24 बिट, सगळे ट्रॅक टाइमलाइनच्या शून्यापासून, नाहीतर ताशा ढोलाच्या पुढेमागे पळतो. 48 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचं रेकॉर्डिंग रूपांतर न करता 44.1 च्या सेशनमध्ये टाकलं, तर लय मंदावते आणि सूरही उतरतो. टेम्पो फाइलच्या नावातच लिहा.