घरी जोडायचा चार वह्यांचा माग : चौकट चोख, पत्रिका अपुरी

गेल्या वर्षी जूनमध्ये मी दक्षिणेतील एका लहान कार्यशाळेकडून ३६ इंच पन्ह्याचा, चार वह्यांचा (वही म्हणजे ताण्याचे, म्हणजे कापडातील उभे, धागे वर-खाली करणारी चौकट) आणि सहा पावड्यांचा (पायाने दाबायच्या पट्ट्यांचा) लाकडी माग मागवला. वाहतुकीसह त्याला ४६,००० रुपये पडले. ‘दोन तासांत जोडा आणि विणायला बसा’ असे विक्रेत्याच्या जाहिरातीत लिहिलेले होते. प्रत्यक्षात चौकट उभी राहायला साडेतीन तास लागले, आणि पहिला धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारे साधन, ताण्यातून नीट पार होण्यासाठी पाच आठवडे जावे लागले. या पाच आठवड्यांपैकी काही दिवस माझ्या अज्ञानाचे आहेत आणि काही विक्रेत्याच्या हिशेबी घालावे लागतील. घरी माग घेऊ इच्छिणाऱ्यांना हा फरक कळावा, म्हणून वर्षभर वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

माझे घर पुण्यात, इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. येवल्यात किंवा पैठणला विणकर ज्या खड्डामागावर बसतो, त्याचा विचारही येथे करता येत नाही. त्या मागात पावड्या जमिनीतील खड्ड्यात असतात, विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि जमिनीची ओल सुताला मिळत राहते. फरशीवर उभ्या राहणाऱ्या चौकटीच्या मागाला ती सोय नाही, आणि मार्च महिन्यात पुण्याची हवा कोरडी पडली की सुती ताणा पटापट तुटू लागतो याचा अनुभव मी घेतला आहे. त्यावर मागाखाली ओले फडके पसरलेले घमेले ठेवणे एवढाच उपाय मला सापडला. तो पुरेसा नाही, पण काही प्रमाणात उपयोगी पडतो.

माल तीन खोक्यांत आला, आणि सर्वांत लांब तुकडाही उद्वाहनात सहज मावला, ही बाब मजल्यावर राहणाऱ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी. चौकट सागाची आहे आणि तिचे काम खरोखर देखणे आहे. खांब आणि आडवे दांडे खाच-कुसूने बसतात आणि बाहेरून पाचर मारून पक्के होतात. स्क्रू जवळजवळ नाहीतच. मात्र जूनच्या अखेरीस, पाऊस सुरू झाल्यावर, खोकी उघडण्याची चूक मी केली. दमट हवेने लाकूड फुगले होते आणि चारपैकी दोन कुसू खाचेत शिरेनात. माझ्या भाच्याने घणाचा उपाय सुचवला, तो मी मानला नाही. कुसूच्या कडांवर मेणबत्ती घासून, लाकडी ठोकळा मधे धरून हलके ठोके दिल्यावर ते बसले. हेच सांधे डिसेंबरात सैल झाले आणि सगळ्या पाचरी पुन्हा ठोकाव्या लागल्या. हा लाकडाचा स्वभाव आहे, दोष नव्हे. परंतु वर्षातून दोनदा पाचरी तपासाव्यात एवढे एक वाक्य जोडणीच्या पत्रिकेत असायला काय हरकत होती?

ही पत्रिका म्हणजे एका कागदावर छापलेले एकच मोठे चित्र आहे. तुकड्यांवर पेन्सिलीने घातलेले क्रमांक पॉलिशखाली पुसट झाले आहेत, त्यामुळे पुढचा दांडा आणि मागचा दांडा यांत फरक करायचा तर भोके मोजावी लागतात. चौकट काटकोनात आहे की नाही हे कसे तपासावे, याचाही उल्लेख नाही. आमच्या घरातील खोलीच्या फरशीला दाराकडे थोडा उतार आहे. तेथे नुसती पाणसळ ठेवून भागले नाही. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून ते सारखे येईपर्यंत एका पायाखाली पातळ फळीचे तुकडे सरकवत राहावे लागले. आरंभी कर्णांत पाऊण इंचाचा फरक होता. एवढा फरक राहू दिला असता तर ताणा गुंडाळायचा बीम आणि विणलेले कापड गुंडाळायचा रूळ एकमेकांना समांतर राहिले नसते आणि कापडाची एक किनार कायम सैल पडली असती.

याहून गंभीर चूक दातेरी चक्राची होती. ताण्याचा बीम मागे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला दातेरी चक्र आणि त्यात अडकणारा खटका असतो. चित्रात हा खटका उलट्या बाजूला दाखवला आहे. चित्राबरहुकूम बसवल्यावर बीम घट्ट धरला जाण्याऐवजी ताण दिला की मोकळा फिरू लागला. ताणा चढवण्याआधी हे लक्षात आले म्हणून निभावले. विक्रेत्याला दूरध्वनी केला तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी अतिशय सौजन्याने चूक मान्य केली आणि तासाभरात खटक्याचे छायाचित्र पाठवले. पुढच्या ग्राहकांना सुधारलेली पत्रिका मिळते की नाही, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

आता दोऱ्यांविषयी. माझ्या मते मागाची खरी जोडणी येथे सुरू होते, आणि विक्रेत्याची पत्रिका नेमकी येथे संपते.

हा माग समतोल पद्धतीचा आहे. वर एक मोठा रूळ आणि त्याखाली दोन लहान रूळ टांगलेले असतात. एका लहान रुळाला पहिली व दुसरी वही, दुसऱ्याला तिसरी व चौथी वही बांधलेली असते. एक वही खाली ओढली की तिची जोडीदार आपोआप वर जाते, आणि पहिली-दुसरी एकत्र ओढल्या की तिसरी-चौथी वर जातात. त्यामुळे पावडीला फक्त खाली जाणाऱ्या वह्या बांधाव्या लागतात. सहा पावड्यांपैकी दोन साध्या विणीसाठी आणि चार दोन-खाली-दोन-वर अशा तिरप्या विणीसाठी ठेवल्या, तर प्रत्येक पावडीला दोन याप्रमाणे बारा दोऱ्या होतात. या बारा दोऱ्यांची लांबी अशी जुळावी लागते की कोणतीही पावडी दाबली तरी ताण्यात सारखीच फट पडावी, आणि पाय सोडल्यावर चारही वह्या एका रेषेत याव्यात. एखादी दोरी अर्धा इंच लांब राहिली तरी त्या वहीतील धागे फटीच्या मध्येच लोंबकळतात, धोटा त्यांच्यावरून जातो आणि कापडात तरंगते धागे दिसू लागतात.

संचासोबत यासाठी नायलॉनची दोरी दिलेली आहे, आणि ही या मागातील सर्वांत वाईट निवड होय. नायलॉन ताणाखाली लांबते. सकाळी मोजून बांधलेल्या पावड्या संध्याकाळी फरशीला टेकत होत्या, आणि मला वाटत होते की माझ्या गाठी सुटत आहेत. दोन रविवार यात गेले. अखेर बोहरी आळीतून विणीची पॉलिस्टर दोरी आणली, टोके मेणबत्तीवर वितळवून बंद केली आणि सगळ्या बारा दोऱ्या नव्याने, मागेपुढे करता येणाऱ्या सरकगाठीने बांधल्या. तेव्हापासून महिन्यातून एकदा किरकोळ दुरुस्ती पुरते. दोरीचा खर्च मागाच्या किमतीच्या तुलनेत नगण्य होता; विक्रेत्याने तेवढी काटकसर का करावी, हे मला समजलेले नाही.

‘चार वह्यांवरची कोणतीही नक्षी विणा’ हा विक्रेत्याचा दावाही तपासून घ्यावा. समतोल पद्धतीत दोन वह्या खाली आणि दोन वर अशी विभागणी असेल तर फट स्वच्छ पडते. एक खाली आणि तीन वर अशी वीण करायला गेले की पहिली वही खाली येते, दुसरी वर जाते आणि उरलेल्या दोन मधेच घुटमळतात. अशी वीण अशक्य नाही, पण प्रत्येक खेपेला धोट्याचे नाक सांभाळून सरकवावे लागते. ज्यांना मुख्यतः साधी वीण, सतरंजीसारखी जाड वीण किंवा नेहमीची तिरपी वीण करायची आहे, त्यांना हा माग हलका आणि पायाला सुखाचा वाटेल. नक्षीचे अधिक प्रयोग करायचे असतील तर प्रत्येक वही स्वतंत्रपणे उचलणारा माग घ्यावा.

फणीच्या, म्हणजे ताण्याचे धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या दात्यांच्या पट्टीच्या, बाबतीत मात्र चूक सर्वस्वी माझी होती. मी २४ क्रमांकाची फणी मागवली होती. आलेल्या फणीला पट्टी लावली तर एका इंचात १२च घरे (दात्यांमधल्या मोकळ्या जागा) भरली. फसवणूक झाली असे समजून मी तक्रारीचे पत्र लिहून ठेवले. आमच्या इमारतीत एक काका राहतात, ज्यांनी तरुणपणी इचलकरंजीत वहिफणीचे, म्हणजे ताण्याचा एकेक धागा वहीतून आणि फणीतून ओवण्याचे काम केले आहे. त्यांनी फणी हातात घेतली आणि म्हणाले, ‘‘ताई, ही चोविसाचीच आहे. आपल्याकडे दोन इंचांतली घरे मोजतात. घरात दोन धागे ओवा, इंचाला चोवीस होतील.’’ ही स्टॉकपोर्ट पद्धत होय; इंग्लंडमधील त्या नावाच्या गावावरून ती ओळखली जाते आणि भारतात हातमागाच्या फण्या सामान्यतः याच मापाने विकल्या जातात. मी शिकत होते ती पुस्तके परदेशी होती आणि त्यांत दर इंचाची घरे मोजतात. पत्र मी फाडून टाकले. परदेशी पुस्तक पाहून भारतीय फणी मागवणाऱ्या प्रत्येकाने पुस्तकातील आकडा आधी दुप्पट करावा.

त्याच काकांनी दुसरी उणीव दाखवून दिली, आणि ती विक्रेत्याचीच आहे. संचात वह्यांना प्रत्येकी १००, म्हणजे एकूण ४०० डोळे (धागा ओवायची छिद्रे) दिलेले आहेत. प्रत्येक धाग्याला एक डोळा लागतो. इंचाला २४ धागे धरले तर ४०० डोळ्यांत १७ इंचांहूनही कमी पन्हा बसतो. माग ३६ इंचांचा म्हणून विकला जातो, आणि त्या पूर्ण पन्ह्याला याच फणीवर ८६४ डोळे लागतील. जाड सुताच्या सतरंज्यांना ४०० पुरतील, हे विक्रेत्याचे उत्तर खोटे नाही. पण मग सोबत २४ची फणी का सुचवली? मी आणखी १०० डोळे विकत मागवले आणि ते नऊ दिवसांत आले. या विलंबाने पहिल्या कापडाचा मुहूर्त आणखी लांबला.

पहिला ताणा २० इंच पन्ह्याचा, चार मीटर लांबीचा, दोनपदरी वीस नंबरच्या सुताचा होता. एकूण ४८० धागे. सूत जेमतेम ११५ ग्रॅम लागले. धाग्यांचा क्रम राखणारी फुली काठ्यांवर जपून ठेवत, बीमवर प्रत्येक फेऱ्याला जाड कागद घालत तो चढवला. ओवणीला मला दोन संध्याकाळी लागल्या. काकांनी शेवटचे साठ-सत्तर धागे चहा निवेपर्यंत ओवले, आणि ते पाहताना मला आपल्या दोन संध्याकाळींची थोडी लाज वाटली. त्या ताण्यावर तीन पंचे निघाले. पहिल्याच्या किनारी पाहण्यासारख्या नाहीत, तिसऱ्याच्या बऱ्या आहेत. फणीत २० इंच असलेले कापड धुतल्यावर साधारण १८ इंच भरले, याची नोंद नवशिक्यांनी घ्यावी.

आवाजाविषयी अनेकांनी विचारले. पावड्यांचा आवाज नाममात्र आहे. हात्या, म्हणजे फणी बसवलेली झुलती चौकट, जोराने आपटली की धक्का फरशीतून खालच्या घरात जातो. चारही पायांखाली जाड रबरी चटईचे तुकडे घातल्यावर खालच्यांची तक्रार थांबली. दोरीच्या झटक्याने धावणाऱ्या धोट्याची जोडणी विक्रेता वेगळी विकतो. ती मी घेतलेली नाही. २० इंचांच्या पन्ह्याला हाताने टाकलेला धोटा पुरतो, आणि झटक्याचा धोटा लाकडी पेटीत आपटण्याचा आवाज शेजाऱ्यांना किती दिवस सोसवेल याची मला शंका आहे.

या किमतीत एवढे प्रामाणिक लाकूडकाम देणारा दुसरा माग माझ्या पाहण्यात आलेला नाही, आणि आज पुन्हा घ्यायचा झाला तरी मी याच कार्यशाळेकडे जाईन. फक्त मागणी नोंदवताना नायलॉनची दोरी वगळायला सांगेन, हव्या त्या पन्ह्याला लागणारे डोळे स्वतः मोजून आधीच मागवेन, खटक्याचे छायाचित्र मागून घेईन आणि माल पावसाळा संपल्यावर पाठवायला सांगेन. ज्यांच्या ओळखीत मागावर काम केलेले कोणी नाही, त्यांनी जोडणीसाठी दोन तास नव्हे, तर निदान तीन-चार रविवार राखून ठेवावेत.

सध्या मागावर तिरप्या विणीचा दुसरा ताणा आहे. पाचव्या पावडीची एक दोरी पुन्हा किंचित सैल झाली आहे. येत्या रविवारी तिची सरकगाठ अर्धा इंच वर घ्यायची आहे.