डार्कटेबल: विंडोज, मॅक आणि लिनक्स मिळून एकच डार्करूम

घरी विंडोजचा डेस्कटॉप, फिरतीवर मॅकबुक, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स असा संसार असला की रॉ फोटोंच्या (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फोटोंच्या) सॉफ्टवेअरची निम्मी निवड आपोआप होते. लाइटरूम आणि कॅप्चर वन ही सशुल्क सॉफ्टवेअर लिनक्ससाठी मिळत नाहीत. मोफत पर्यायांत डार्कटेबल, रॉथेरपी आणि डिजिकॅम तिन्हीकडे चालतात. डार्कटेबलची अधिकृत विंडोज आवृत्ती २०१७ च्या अखेरीस, २.४ बरोबर आली. या कामासाठी आमची पसंती डार्कटेबललाच, आणि तिचं मुख्य कारण रंगकामाची साधनं नसून त्याची फाइली ठेवण्याची पद्धत आहे.

फोटोवरचा प्रत्येक बदल डार्कटेबल दोन जागी लिहितं: स्वतःच्या डेटाबेसमध्ये आणि फोटोशेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये. मूळ रॉ फाइलला हात लागत नाही. डेटाबेसमध्ये फोटोंचे पूर्ण पत्ते असतात. एकच पोर्टेबल डिस्क विंडोजवर ‘ई’ ड्राइव्ह म्हणून दिसते, मॅकवर तिचा पत्ता वेगळा, लिनक्सवर आणखी वेगळा. त्यामुळे डेटाबेस उचलून दुसऱ्या मशीनवर टाकला की फोटोंच्या जागी कवटीचं चिन्ह दिसू लागतं. यावर उपाय सोपा आहे: डेटाबेस ज्या त्या मशीनचा वेगळा ठेवायचा, डिस्कवरून फक्त फोटो आणि एक्सएमपी फिरवायचे.

त्यासाठी प्रेफरन्सेसच्या स्टोरेज भागात दोन गोष्टी तपासा. एक्सएमपी लिहिणं ‘नेव्हर’वर नको, आणि सुरू होताना बदललेल्या एक्सएमपी शोधण्याचा पर्याय चालू हवा, तो मुळात बंद असतो. मग दुसऱ्या मशीनवर डार्कटेबल उघडलं की फरक असलेल्या फोटोंची यादी येते आणि एक्सएमपी ठेवायची की डेटाबेसमधलं काम, हे विचारलं जातं. इथे घाई करू नका. चुकीचं बटण दाबलं तर काल रात्रीचं काम जुन्या कामाखाली गाडलं जातं. ‘सर्वांत नवीन ठेवा’ हा पर्याय सोयीचा, पण एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आधी घड्याळ पाहा. विंडोज मशीनचं घड्याळ स्थानिक वेळेचं मानतं, लिनक्स ते यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं मानतं. भारतात दोघांत साडेपाच तासांचा फरक पडतो आणि ‘नवीन’ कोणतं हेच चुकतं. लिनक्सला घड्याळ स्थानिक वेळेचं आहे असं सांगितलं की हे मिटतं. दुसऱ्या मशीनवर उतरवलेले नवे फोटो मात्र या यादीत येत नाहीत, ते फोल्डर वेगळं इम्पोर्ट करावं लागतं.

दुसरी मोठी अडचण आवृत्त्यांची. उबुंटू या लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीच्या भांडारात (सॉफ्टवेअर उतरवायच्या अधिकृत साठ्यात) डार्कटेबल ३.८ आहे आणि २४.०४ मध्ये ४.६. विंडोजवर ताजी आवृत्ती आणि लिनक्सवर भांडारातली जुनी, असं झालं की नव्या मॉड्यूलमध्ये (डार्कटेबलमधल्या संपादनाच्या साधनात) केलेलं काम जुन्याला वाचता येत नाही आणि फोटो भलताच दिसतो. लिनक्सवर भांडाराऐवजी फ्लॅटपॅक किंवा अ‍ॅपइमेज या स्वरूपातलं डार्कटेबल घ्या, तिन्हीकडे एकच आकडा ठेवा आणि तिन्ही एकाच दिवशी अपडेट करा.

डिस्क फॉरमॅट करायला एक्सफॅट ही पद्धत निवडा. विंडोजच्या एनटीएफएसवर मॅक मुळात लिहू शकत नाही, मॅकचं एपीएफएस विंडोजला वाचता येत नाही. पण एक्सफॅटला जर्नल (अर्धवट राहिलेलं लिखाण सावरणारी नोंद) नसतं, म्हणून इजेक्ट न करता केबल ओढणं महागात पडतं. शिवाय मोठ्या डिस्कवर विंडोज १२८ केबीचे क्लस्टर, म्हणजे जागेचे किमान तुकडे, पाडतं. काही केबीची एक्सएमपीही तेवढी जागा अडवते. २०,००० फोटोंना सुमारे अडीच जीबी.

फोल्डरांची नावं इंग्रजी अक्षरांत आणि तारखेने सुरू होणारी ठेवा. मराठीत ठेवलीच तर ‘ऱ’ टाळा. ‘किनाऱ्यावर’ या नावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो आणि ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असाही. मॅकची डिस्कची जुनी एचएफएस प्लस पद्धत त्याचे दोन तुकडे करून साठवते, लिनक्स त्या दोन रूपांना दोन वेगळी नावं मानतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे चूक सापडत नाही.

रंगकाम उत्तम आहे, पण शिकायला वेळ लागतो. फोटो आधी फिकट आणि सपाट दिसला तर घाबरू नका. एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड या मॉड्यूलांतून याच क्रमाने जा. ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेणारं ओपनसीएल चालू आहे ना, हे जरूर बघा. लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर अनेकदा वेगळा बसवावा लागतो आणि तो नसला तर नॉइज काढताना मशीन रेंगाळतं.

उणिवाही आहेत. विंडोजवर प्रिंटचा विभागच नाही. तिथे कॅमेरा केबलने जोडून शूट करायचं तर झॅडिग या छोट्या सॉफ्टवेअरने ड्रायव्हर बदलावा लागतो, आणि मग कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर त्या कॅमेऱ्याला ओळखत नाही. चेहरे ओळखून वर्गवारी हवी असेल तर डिजिकॅम घ्या.

प्रवासात मात्र ‘कॉपी लोकली’ फार उपयोगी पडतं: निवडक फोटो लॅपटॉपवर उतरवा, डिस्क घरी ठेवून काम करा, परतल्यावर डिस्क जोडून ‘रीसिंक लोकल कॉपी’ दाबा. हे होईपर्यंत तेच फोटो दुसऱ्या मशीनवर उघडू नका.