गोड आइस टी: गरम पाण्यात की फ्रिजमध्ये?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ‘स्वीट टी’मध्ये साखर चहा गरम असतानाच विरघळवतात. तेच बरोबर, कारण गार चहात साखर तळाशी बसून राहते. लिटरभर पाण्याला चार चमचे पत्ती, पाच मिनिटं झाकण, मग गाळून साखर. चिमूटभर खायचा सोडा घातला की तुरटपणा कमी होतो. मात्र गरम चहा थेट फ्रिजमध्ये ठेवला तर गढूळ होतो. आधी बाहेर निवू द्यावा.

दुसरी रीत म्हणजे पत्ती गार पाण्यात घालून आठ तास फ्रिजमध्ये. चहा नितळ उतरतो, तुरटपणा फारच कमी. फक्त साखरेचा पाक वेगळा करावा लागतो. दार्जिलिंगच्या पानांना मी हीच रीत वापरते. आसामची सीटीसी, म्हणजे दाणेदार पत्ती, मात्र गरम पाण्यातच खुलते.