हरभरा-तुरीसाठी तीन थरांची हवाबंद पिशवी (पिक्स बॅग), वापरल्यावरचं मत

घरात हरभरा, तूर, मूग ठेवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांनी ही पिशवी घ्यावीच, माझं तर स्पष्ट मत आहे. बाहेरून नेहमीची विणलेली गोणी आणि आत जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक, बास एवढंच. 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या लोकांनी आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये चवळीसाठी हे काढलं, तिथल्या शेतकऱ्यांचंही दुखणं तेच, भुंगा.

यात औषध काहीच नाही. तोंड घट्ट बांधलं की आतला ऑक्सिजन किडेच वापरून संपवतात, मग त्यांचं खाणं थांबतं, अंगात पाणी तयार होत नाही आणि ते सुकून मरतात. आपल्याकडं मंगळवेढा, सोलापूर पट्ट्यात ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीतल्या बंद खड्ड्यात, ठेवायचे ते याच तत्त्वावर, म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच कुणाला आत उतरू द्यायचे नाहीत. तुरीचं तर असंय की भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालून जातो, माल स्वच्छ दिसतो आणि दोन-तीन महिन्यात गोणीला हात लावला की पीठ गळतं. या पिशवीत ती कीड वाढतच नाही. आमचा हरभरा दिवाळीनंतर उघडला तेव्हा दाणा भरला तसाच होता, डाळ केली तरी वास नाही.

मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो विषारी गोळ्या सुटल्याचा. ज्या खोलीत धान्याची थप्पी त्याच खोलीत लेकरं झोपतात, आणि लोक गोणीत सल्फासची गोळी टाकतात, तिचा गॅस माणसालाही मारतो, हे खरंच थांबलं पाहिजे.

दुसरं म्हणजे भाव. हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांचा एकदमच निघतो. रब्बी विपणन हंगाम 2025-26 ला हमीभाव 5,650 रुपये क्विंटल होता, पण खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत माल घरात ठेवायची भीती वाटते म्हणून माणूस आडतीवर मिळेल त्या भावात देऊन येतो. लुधियानाच्या सीफेट या काढणीनंतरच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या 2015 च्या अभ्यासात कडधान्याचं काढणीपासून पुढचं नुकसान 6.36 ते 8.41 टक्के निघालं होतं, पण हा झाला वाया गेलेला माल, भुंग्याच्या धास्तीनं स्वस्तात गेलेला माल त्यात कुठं धरणार? आता सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं असेल तर पिशवी काय करणार, विकावंच लागतं, ते दुखणं वेगळं आहे. पण ज्याला थोडं थांबता येतं त्याला निदान भुंग्यापायी घाई करावी लागत नाही.

आता कमी काय ते. उंदरापुढं ही टिकत नाही, कुरतडलं की हवा गेली आत आणि खेळ खलास, त्यामुळं भिंतीपासून लांब फळीवर ठेवा आणि खोली साफ ठेवा. साध्या गोणीपेक्षा बरीच महाग पडते, पण भोक पडलं नाही तर पुढच्या हंगामालाही चालते, भरायच्या आधी आतली पिशवी फुगवून दाबून बघा. तालुक्याच्या दुकानात सहज मिळत नाही, कृषी खात्यानं नि शेतकरी कंपन्यांनी एकत्र मागवून द्यायला काय हरकत आहे कळत नाही. आणि रोजच्या खायच्या धान्याला हिचा उपयोग नाही, सारखी उघडली की ऑक्सिजन परत आत, तेवढं वेगळं डब्यात काढून ठेवायचं.

ओला माल मात्र चुकूनही भरू नका, किडा नाही लागणार पण बुरशी लागेल. दाणा दाताखाली टचकन फुटला पाहिजे. शंका असेल तर कोरड्या काचेच्या बरणीत थोडा हरभरा नि कोरडं मीठ घालून हलवा आणि थोडा वेळ ठेवा, मीठ काचेला चिकटलं तर अजून उन्हाची गरज आहे. भरताना वर वीतभर जागा सोडून हवा दाबून काढायची, तोंड पिळून दुमडून सुतळीनं बांधायचं, आधी आतली, मग दुसरी, मग गोणी, तिन्ही वेगवेगळ्या.

बियाण्याची पिशवी वेगळी करा, वर तारीख आणि वाण लिहा, ती पेरणीच्या तोंडावरच उघडायची आणि शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण बघून घ्यायची.