दंडाला बांधायचं बीपी मशीन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

नातवानं दिवाळीला बीपीचं मशीन पाठवलं. दंडाला पट्टा बांधून बटण दाबायचं, तसलं. आता आठ महिने झाले, रोज सकाळी ह्यांचं आणि माझं बीपी मी त्याच्यावरच बघते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते अशा बहुतेक मशीनना लागू पडतं.

मी सातारा जिल्ह्यात ३६ वर्षं सरकारी दवाखान्यांत नोकरी केली, आधी स्टाफ नर्स आणि मग इनचार्ज सिस्टर. २०१२ साली रिटायर झाले. सगळा जन्म पाऱ्याच्या मशीनवर गेला. म्हणून पहिल्या दिवशी ह्या डबीवर माझा विश्वास बसेना. माझं पाऱ्याचं मशीन अजून कपाटात आहे. ह्यांचा एकच हात धरला आणि दोन-दोन मिनिटं थांबत आलटून-पालटून तीन वेळा बघितलं. पारा १३८ म्हणाला तेव्हा मशीन १४१. नंतर १३६ ला १३७ आणि १३४ ला १३७. खालचा आकडाही दोन-चारच्या फरकात. एवढा फरक दोन सिस्टरांच्या कानांतसुद्धा पडतो. त्या दिवशी मशीन ठेवून घेतलं.

पाऱ्याच्या मशीनला कान लागतो. पट्टा फुगवून धमनी दाबून टाकायची, मग फुग्याची चावी हळूच सोडायची आणि पारा उतरताना स्टेथोमध्ये पहिला ठोका कधी येतो ते ऐकायचं. तो वरचा आकडा. ठोके विरले की खालचा. हे आवाज कोरोत्कोव नावाच्या रशियन लष्करी सर्जननं १९०५ साली सांगितले. ट्रेनिंगला मी हे शिकले तेव्हा फौजीशी लग्न ठरायचं होतं, पण ‘लष्करी’ हा शब्द तेव्हापासून लक्षात आहे. घरचं मशीन ठोके ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेला नाडीचे जे हेलकावे बसतात ते मोजतं आणि त्यावरून हिशेब करून दोन्ही आकडे काढतं. म्हणूनच हात हलला, बोललं, खोकला आला, की हिशेब चुकतो. दोष मशीनचा नसतो.

आणि बसण्याचा तर फार मोठा भाग असतो. हे मराठा लाइट इन्फंट्रीतून १९९२ साली सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पाऱ्याशी ताडून बघितलं त्या दिवसानंतर आठ दिवस रोज सकाळी ह्यांचं बीपी १६० च्या खाली येईना. गोळी तर वेळेवर चालली होती. मग एका सकाळी मी आकडा सोडून ह्यांच्याकडे बघत राहिले. पाठ खुर्चीपासून सुटलेली, मान ताठ, मूठ गच्च आवळलेली, अंगठा बोटांवर. इन्स्पेक्शनला उभं राहावं तसे बसलेले. वर चहा नुकताच झालेला. मी मूठ हातानं उघडली, तळवा वर केला, कोपराखाली उशी दिली, पाठ टेकवली आणि म्हटलं, “अहो, विश्राम.” पाच मिनिटं दोघं गप्प बसलो. १३४ वर ८०. तेव्हापासून हेच चालू आहे. आधी लघवीला जाऊन यायचं, चहा-तंबाखू होऊन अर्धा तास गेलेला पाहिजे, दोन्ही पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्यावरून नाही, आणि दंड छातीच्या पातळीला. एकदा बघून झालं की एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा. दोन्ही आकडे वहीत.

ती वही फार कामाची. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्यात, डॉक्टर आधी वही मागतात. दवाखान्यात बसलं की कुणाचंही बीपी चढतं, ते मी हजारदा बघितलंय. म्हणून घरच्या आकड्याची मर्यादाही थोडी खाली धरतात. दवाखान्यात १४० वर ९०, तर घरी १३५ वर ८५. घरचे आकडे सतत त्याच्या वर दिसत असतील तर डॉक्टरांकडे जावं. मनानं गोळी वाढवू नये, मनानं बंद करू नये. गोळी बंद करून वॉर्डात अर्धांगवायूनं आलेली माणसं मी बघितली आहेत, म्हणून हे इतकं कळकळीनं लिहितेय.

मला स्वतःला हे मशीन का हवं होतं, तेही सांगते. १९८७ च्या ऑक्टोबरात ह्यांची पलटण भारताच्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत जाफन्याला होती. घरी पत्र यायचं ते ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे फौजेच्या टपालानं, कधी वीस दिवसांनी, कधी तीन एकदम. लग्नानंतरच्या सतरा वर्षांत आम्ही सलग एका छपराखाली राहिलो ते फक्त अडीच वर्षं, ह्यांचं पोस्टिंग बेळगावला ट्रेनिंग सेंटरवर होतं तेव्हा, तेही मी बिनपगारी रजा काढून. बाकी मुलं, सासूबाई, नोकरी सगळं माझ्याकडे. सासर सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी हे गाव. तिथं घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे काळजी करतेय असं बोलून दाखवायची रीत नव्हती. नाइट ड्यूटी संपत आलेली असायची आणि वॉर्डबॉय सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या पुणे केंद्राच्या बातम्या लावायचा. एकदा बातमीत जाफन्याचं नाव आलं तेव्हा मी कॉट नंबर चारच्या आजींचं बीपी बघत होते. कानांत स्टेथो, त्यातून रेडिओ अर्धवट ऐकू येतोय. पारा उतरत गेला आणि पहिला ठोका मला कळलाच नाही. पुन्हा फुगवला. पुन्हा तेच. आजींनी माझा हात धरला, “बाई, तुझंच बघ आधी.” चार्ज घ्यायला आलेल्या सिस्टरनं बळंच बसवून बघितलं. १५० वर १००. वय ३३. तोपर्यंत लोकांचे हजारो दंड बांधले होते, स्वतःचा कधीच नाही. पाऱ्याच्या मशीनवर स्वतःचं स्वतः बघणं अवघडच. एक हात पट्ट्यात, दुसऱ्या हातात फुगा, स्टेथो कुणी धरायचा? ह्या मशीननं ती अडचण संपवली. एकट्या राहणाऱ्या बायकांसाठी, नवरा फील्डवर असलेल्या पोरींसाठी तर ते घरात असावंच.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी पट्ट्याची. खोक्यात एकच पट्टा येतो, २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी. आमच्या सूनबाईंचा दंड ३६. तोच पट्टा बांधून ती आठ दिवस १५२, १५४ आकडे बघत होती, रात्री झोप नाही. मला सांगितलं नाही, मी काळजी करीन म्हणून. पट्टा लहान पडला की आकडा खोटा वाढतो, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलेलं. मोठा पट्टा वेगळा मागवला, त्यावर १३२ वर ८४. एवढी महत्त्वाची गोष्ट माहितीपुस्तकात बारीक अक्षरात शेवटी दिली आहे, आणि मराठीत तर अक्षरही नाही. हे मला फार लागलं. ज्यांच्यासाठी मशीन आहे ती माझ्या वयाची माणसं आहेत.

दुसरं, नाडी अनियमित असेल तर आकड्यावर विसंबू नये. शेजारच्या काकांचं दर वेळी वेगळंच यायचं, स्क्रीनवर हृदयाची खूणही लुकलुकायची. मनगट धरलं तर ठोके वाटेल तसे पडत होते. त्यांना ईसीजी काढायला पाठवलं, पुढचे उपचार चालू आहेत. सेल चार लागतात, पेन्सिलचे. ते उतरले की पट्टा नीट फुगत नाही, म्हणून अडॅप्टर घ्या. आकडे मोठे दिसतात, दोघांची नोंद वेगळी राहते, ते छान.

नात कराडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणते, “आजी, पारा विषारी आहे, सगळीकडून काढतायत.” खरं आहे, तसा आंतरराष्ट्रीय करारच झालाय, २०१३ साली, जपानमधल्या मिनामाता गावाच्या नावानं. तिथं पाऱ्यानं माणसं गेली. तरी शनिवारी आली की मी तिच्या कानांत स्टेथो घालते, आजोबांचा दंड पुढं करते आणि पहिला ठोका ऐकायला लावते. मग मशीन लावतो. परवा तिचा आकडा आणि मशीनचा आकडा दोनच्या फरकात आला. आजोबांनी सदऱ्याची बाही खाली केली आणि तिला सॅल्यूट ठोकला.

घ्यायचं असेल तर आधी शिवणाची टेप घ्या, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर दंडाचा घेर मोजा, आणि तो आकडा दुकानदाराला सांगूनच पट्टा मागा. मनगटावरचं स्वस्त मिळतंय म्हणून ते घेऊ नका.